एक मत जास्त

सोमवार, १५ डिसेंबर

आज विभागाच्या फलकावर सूचना लागली. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या चौथ्या सत्राला दोन ऐच्छिक विषय आहेत, बीजतंत्रज्ञान आणि शैवाकशास्त्र. त्यातला एक घ्यायचा. शैवाक म्हणजे दगडावर, झाडाच्या सालीवर पापुद्र्यासारखं चिकटलेलं असतं ते. चटणीत घालतात ते दगडफूल त्यातलंच. ज्या विषयाला पंधरा विद्यार्थी मिळणार नाहीत तो चालणार नाही, आणि तो निवडणाऱ्यांना आपोआप दुसऱ्या विषयात टाकलं जाईल. शुक्रवारी २६ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत ज्याने त्याने आपल्या मोबाइलवरून फॉर्म भरायचा.

वर्गात आम्ही एकोणतीस. म्हणजे दोन्ही विषय चालणं शक्यच नाही. एक जगणार, एक मरणार. सूचना लिहिणाऱ्याने हे गणित केलेलं दिसत नाही. मी केलं, कारण मी दूध संस्थेच्या तीन आणि ग्रामपंचायतीच्या दोन निवडणुका आतून पाहिल्या आहेत.

जयसिंगपूरला गणपतराव मामांना फोन केला. मामांचं तिथे बियाणांचं दुकान आहे, शिवाय ते दूध संस्थेचे संचालक आहेत. पाचवी ते बारावी मी त्यांच्याच घरी राहून शिकलो. दुकानाची नवी शाखा काढायची आणि ती माझ्या ताब्यात द्यायची, हे गेली पाच वर्षं ठरलेलं आहे. मी बीजतंत्रज्ञान घ्यायचं हे त्यातच आलं.

मामा म्हणाले, "एकोणतीसातली आपली किती?"

म्हटलं, "अजून मोजली न्हाईत."

"मोजली न्हाईत? मग दिवसभर काय गवत उपटत हुतास?"

मंगळवार, १६ डिसेंबर

मोजली. वहीत तीन रकाने पाडले. बीजतंत्रज्ञानाचे, म्हणजे आपले, नऊ. शैवाकाचे बारा. कुंपणावरचे आठ.

आपल्यातल्या राजवीरला उपप्रमुख नेमलं. त्याच्या घरात दूध संस्थेचं राजकारण तीन पिढ्या चालत आलेलं आहे, त्यामुळे त्याला काही समजावून सांगावं लागत नाही. त्याने पहिला प्रश्न विचारला, "जेवान कुठं द्यायचं?"

विरोधी गटाचा नेता अभिराम. आईवडील दोघंही शिक्षक, घर राजारामपुरीत. त्याला भेटून सांगितलं की तू विरोधी गटाचा नेता आहेस. तो म्हणाला, "कशाचा?" अशा नेतृत्वाखाली बारा माणसं कशी राहिली आहेत, मला कळत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

शैवाकशास्त्र नंदिनी मॅडम शिकवतात. निवडणूक कितीही चुरशीची असली तरी समोरच्या उमेदवाराला एकदा भेटून यायचं असतं, अशी आपल्याकडची रीत आहे. म्हणून गेलो.

मॅडम तासिका तत्त्वावर आहेत. नऊ वर्षं. जेवढे तास तेवढंच काम. विषय चालला नाही तर या सत्रात त्यांना तास नाहीत, आणि एकदा बंद पडलेला विषय पुन्हा कुणी सुरू करत नाही. मी सरळ सांगितलं, "मॅडम, तुमची बारा हायत. तीन कमी पडत्यात."

त्या म्हणाल्या, "बरं. हात स्वच्छ आहेत का तुझे?"

मग त्यांनी माझ्यापुढे कागदी पाकिटांचा एक ढीग ठेवला. आंबा घाटातले, राधानगरीचे, दाजीपूरचे नमुने. चिठ्ठ्या फिकट झाल्या होत्या, त्या नव्याने लिहायच्या होत्या. विरोधकांच्या गोटात शिरायची संधी सोडायची नसते, म्हणून मी बसलो. तीन तास गेले.

मिळालेली माहिती अशी. शैवाक हा एक जीव नाही. बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात. बुरशी घर देते, शेवाळ अन्न करून घालतं. मी विचारलं, "शेवाळाला कुणी इचारलं हुतं का, तुला ऱ्हायचं हाय का म्हणून?"

मॅडमनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "यावर शंभर वर्षांहून जास्त भांडण चाललंय. तू वाचलं होतंस कुठे?"

म्हटलं, "न्हाई. सहज आलं मनात."

शनिवार, २० डिसेंबर

पुन्हा टेहळणीला गेलो. चार तास. अजून एकशे दहा पाकिटं शिल्लक आहेत, म्हणजे मला आणखी जावं लागणार.

दुपारी पत्रक काढलं. "बीजतंत्रज्ञानच का?" मुद्दे सात. नोकरी, नोकरी, स्वतःचा व्यवसाय, कंपन्या, प्रयोगशाळा, परदेश आणि पुन्हा नोकरी. ते विरोधकांनाही वाटून टाकलं. पत्रक विरोधकांना द्यायचंच असतं, त्याने त्यांची झोप उडते. अभिरामने दोन प्रती मागून घेतल्या. म्हणाला, "घरी दाखवतो." बिचारा.

पत्रक लिहायला वीस मिनिटं लागली. मला वाटलं होतं विषय जवळचा आहे, जास्त सुचेल.

सोमवार, २२ डिसेंबर

कुंपणावरच्या आठांपैकी सहा आपल्याकडे आले. नऊ आणि सहा, पंधरा. एक तिकडे गेला, त्यांचे तेरा झाले. उरली फक्त क्रांती.

राजवीर म्हणाला, "पंधरा झाली की. खेळ खलास. तिला कशाला हुडकत बसायचं?"

म्हटलं, "न्हाई. सोळा पायजेत."

"कशाला?"

"एक जास्त असावं."

"अरे पर कशाला?"

मला नीट सांगता आलं नाही. अनुभव, असं म्हटलं. पंधरा या आकड्यात मी धरलेलो आहे आणि तो आकडा पाहून मला दिवसभर अस्वस्थ वाटत होतं. बहुमत निसटतं असलं की प्रमुखाला असं होतंच.

मंगळवार, २३ डिसेंबर

क्रांती कबनूरची. घरात यंत्रमाग, त्या खडखडाटात वाढलेली. त्यामुळे ती क्वचितच बोलते आणि बोलली की अख्ख्या विभागाला ऐकू येतं. कॅन्टीनमध्ये तिला गाठून सात मुद्दे सांगितले. तिने सगळे ऐकले आणि ओरडली, "ते ऱ्हाऊ दे! तुला सवताला काय पायजे?"

दोन टेबलं वळून बघायला लागली. मी म्हटलं, "प्रमुखाला सवताचं मत नसतंय."

"बरं," ती म्हणाली. "येते. जेवान हाय न्हवं?"

सोळा.

मामांना कळवलं. मामा खूश झाले. म्हणाले, "आता त्यास्नी उचल. मतदार घरात ऱ्हायला की फुटतोय." मामांच्या संस्थेत मतदानाआधी मतदारांना गोव्याला नेतात. आमच्याकडे राजवीरच्या काकांची जीप आणि मागून एस.टी. आहे. ठिकाण ठरवलं, आमचं गाव. शाहूवाडीच्या वरच्या अंगाला आहे, मोबाइलला रेंज नाही, आणि आई जेवण करेल. दुसरीकडे असल्या सोयीला पैसे पडतात.

बुधवार, २४ डिसेंबर

सोळाही जण दुपारी सुखरूप अज्ञात स्थळी पोचले. अज्ञात स्थळाच्या पाटीखाली उभं राहून सगळ्यांनी फोटो काढला.

आईने सगळ्यांचे मोबाइल गोळा करून भाताच्या कणगीत ठेवले. तिला निवडणुकीची शिस्त कळते. कोंबडीचा रस्सा, भाकरी, नव्या तांदळाचा भात. मतदार समाधानी आहेत.

जेवण झाल्यावर राजवीर ताटात हळदीचा भंडारा घेऊन आला. म्हणाला, सगळ्यांनी उचलायचा, देवाची शपथ घ्यायची की बीजतंत्रज्ञानालाच मत देणार. सुरुवात तुझ्यापासून. मी नको म्हणालो. शिक्षणाच्या कामात देवाला ओढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. राजवीर म्हणाला, "तुझ्या मामाच्या संस्थेत तूच ताट धरून हुबा हुतास की." मी म्हटलं, ते दूध होतं.

बाकीच्यांनीही आग्रह धरला नाही. उलट बऱ्याच जणांना बरं वाटलेलं दिसलं. त्यांचा माझ्यावर एवढा विश्वास बसला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

गुरुवार, २५ डिसेंबर

सकाळी वेळ कसा काढायचा हा प्रश्न होता. मतदाराला रिकामा बसू दिला की तो विचार करायला लागतो. म्हणून सगळ्यांना गावामागच्या सड्यावर नेलं. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा सपाट उघडा कातळ. डिसेंबरात तिथे वाळलेलं गवत, वारा आणि दगड एवढंच असतं.

"हितं काय बघायचं?" राजवीर म्हणाला.

काही तरी दाखवायला हवं म्हणून मी एका दगडावरच्या राखी चट्ट्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. वाळलेला पापुद्रा पाणी पितो आणि बघता बघता हिरवा होतो. आतलं शेवाळ दिसायला लागतं. मेलंय असं वाटत होतं ते मिनिटभरात जिवंत. सगळे खाली वाकले. राजवीर पोटावर झोपला. मग त्याने पिण्याचं सगळं पाणी दगडांवर ओतलं, जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही तहानलेलेच.

मग मी पिवळं दाखवलं, ते नारिंगी दाखवलं, दगडाला असं चिकटलेलं की दगडासकट काढावं लागतं ते दाखवलं. शेवाळाला कुणी विचारलं नव्हतं ही भानगड सांगितली. त्यावर दोन तट पडले आणि क्रांतीचा आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला असावा. घड्याळ पाहिलं तर अडीच तास झाले होते. एकाने मध्येच विचारलं, "आणि बीजतंत्रज्ञानात काय असतंय?" मी म्हटलं, पत्रकात आहे.

एकूण वेळ चांगला निघाला. कुणी एकदाही मोबाइल मागितला नाही.

निघताना आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "सड्यावर जेवढं बोललास तेवढं कदी मामाशी बोललास व्हय रं?" मी म्हटलं, मामांना दगडात काय इंटरेस्ट. ती म्हणाली, "दगडाचं न्हवं म्हणत मी," आणि मोबाइल काढायला गेली. आईचं कधी कधी काही कळत नाही.

परत येताना सगळे एकाच एस.टी.त होतो, तिथे मी शेवटचं भाषण केलं. म्हटलं, "पंधरा लागत्यात, आपण सोळा हाय. एक मत जास्त हाय. कुणाला ताप आला, कुणाचा फॉर्म अडकला, तरी आपलं पॅनेल पडत न्हाई. निवांत झोपा." सगळे एकदम शांत झाले. प्रत्येक जण खिडकीबाहेर बघत काही तरी मोजत होता. मी विजयाची शांतता म्हणतो ती हीच.

शुक्रवार, २६ डिसेंबर, संध्याकाळचे पावणेपाच

राजवीरने चारला कळवलं, सगळ्यांचे फॉर्म भरून झाले. फक्त माझा राहिला होता.

आता जे लिहितो ते इथेच राहू दे. मी शैवाकशास्त्रावर बोट ठेवलं.

यात नुकसान कुणाचंच नाही. सोळातला एक मी गेलो, तरी आपले पंधरा राहतात, बीजतंत्रज्ञान चालतं. शैवाकाचे तेराचे चौदा होतील. चौदाने विषय चालत नाही. मला आपोआप बीजतंत्रज्ञानात टाकतील आणि मी गुमान जाईन. मामांना कळायचं काही कारण नाही. फक्त यादी मॅडमच्या हातात जाईल तेव्हा त्यांना एक नाव जास्त दिसेल. नऊ वर्षांनंतर जाताना एवढं तरी दिसावं.

आणि आयुष्यात एकदा तरी मला ते लिहायचं होतं.

शनिवार, २७ डिसेंबर

झोप लागली नाही. काल जे गणित लिहिलं ते बरोबर आहे, मी तीनदा तपासलं. पण ज्यांना भाकरी खाऊ घालून शब्द घेतला त्यांच्यातून मीच फुटलो. पंचक्रोशीत याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, कारण मीच ते चार-पाच जणांना म्हटलेलं आहे.

यादी सोमवारी अकराला लागणार. त्यात नाव दिसेलच. त्याआधी सांगून टाकायचं ठरवलं.

मामांनी फोनवर विचारलं, "गुलाल सांगून ठेवू?" म्हटलं, यादी लागू दे.

सोमवार, २९ डिसेंबर

साडेदहाला सगळ्या पॅनेलला विभागामागच्या चहाच्या गाड्यावर बोलावलं. पंधराच्या पंधरा आले. सगळ्यांची तोंडं उतरलेली. मला वाटलं, यांना कळलंय.

मी म्हटलं, "मित्रांनो, एक मत फुटलंय. ते माझं हाय. मी शैवाक भरलं."

मला वाटलं, आता मार बसणार. मग राजवीर म्हणाला, "तू बी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो चहाच्या गाड्याकडे पाहत होता.

"एकच मत जास्त हाय म्हणलास की!" क्रांती ओरडली. "मला वाटलं ते माझंच! म्हटलं, एक गेलं तर काय हुतंय, त्या मॅडमना तेवढंच बरं वाटंल!"

"माझं बी तसंच," मागून कोणीतरी म्हणालं. मग आणखी कोणीतरी. कुणी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

सगळे उठून फलकाकडे गेलो. शैवाकशास्त्र सव्वीस. बीजतंत्रज्ञान तीन. बीजतंत्रज्ञान रद्द.

ते तीन म्हणजे अभिराम आणि त्याचे दोन मित्र. अभिराम फारच नाराज होता. म्हणाला, "तुझं पत्रक बाबांना दाखवलं. ते म्हणाले, मुलगा मुद्द्याचं लिहितो, नोकरीचा विचार कर. आम्ही तिघांनी तुझ्या भरवशावर भरलं." मला त्याची माफी मागावी लागली. पत्रकाने मिळवलेली मतं एवढीच.

मॅडम यादीसमोर उभ्या होत्या. त्यांनी सव्वीस नावं बोटाने वरून खाली मोजली, मग खालून वर मोजली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तू केलंस?"

मी म्हटलं, "न्हाई मॅडम. मी विरोधात हुतो."

त्या हसल्या. मग हसता हसता रडायलाच लागल्या आणि म्हणाल्या, "भिंगं अकराच आहेत रे माझ्याकडे." मला इतका आनंद झाला की काय करावं ते कळेना, म्हणून मी भिंगांचा अर्ज लिहायला घेतला.

त्याच दिवशी, जयसिंगपूर स्टँड

दुपारच्या गाडीने जयसिंगपूरला आलो. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती.

मामा दुकानात एकटेच होते. बघितल्या बघितल्या म्हणाले, "किती?"

"तीन."

"तीननं आलो?"

"न्हाई. तीनच मिळाली."

मामांनी पुढ्यातलं पोतं बाजूला सारलं. "फुटत्यात माणसं. मनाला लावून घिऊ नगंस. कोण कोण फुटलं त्याची नावं लिहून ठेव फकस्त."

"जेवढी नेली तेवढी सगळी."

"सगळी कशी फुटतील? सोळा नेलतास. त्यातला सोळावा तर तू..." एवढं बोलून ते थांबले. मामा तीन वेळा निवडून आलेले आहेत. त्यांना बेरीज सांगावी लागत नाही.

त्यांनी तराजूतलं वजन उचलून खाली ठेवलं. मग म्हणाले, "कदीपास्नं?"

"पयल्यापास्नं असावं. मला बी आत्ता कळलं."

"पाच वर्सं तुला इचारतोय, शाखा घेतोस न्हवं? दर खेपंला तुझं 'व्हय मामा'. मी शेजारपाजारच्यास्नी सांगत सुटलो, भाचा घेतोय म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "ते सगळं तोंडदेखलं हुतं?"

"व्हय मामा."

मी पाया पडलो, त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही. मामींनी मागच्या घरातून चहा घेऊन जा म्हटलं, तोही घेतला नाही. स्टँडवर येऊन बसलो. फार वाईट वाटलं. या माणसाने मला स्वतःच्या ताटात जेवू घातलं, आणि मी पाच वर्षं त्याला घाबरून गोड बोलत राहिलो. तो काही घाबरावं असा माणूसही नव्हता.

हे लिहीत असतानाच मामांची स्कूटर आली. ते उतरले नाहीत. इंजिन बंद केलं आणि समोरच्या फलाटाकडे बघत राहिले. मीही उठलो नाही.

तिकडे बघतच म्हणाले, "ते तुझं दगडफूल. किती दिसांत वाडतंय ते?"

म्हटलं, "काही काही वर्साला एक मिलिमीटर बी न्हाई."

मामांनी मान हलवली.

"मग मला बी येळ लागंल," ते म्हणाले. "गाडी आली बघ तुझी."